वय अंदाजे नऊ

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी
नंदुरबारच्या मिरची-पथारीवर आमची जीप थांबली,
तेव्हा पळाले ते वजन करणारे दोघे
आणि उखा मुकादम. "पया रे, साहेब उनात!"
मुलं बसूनच राहिली.
सोडवायला आलोत आम्ही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
एकीनं मान वर केली, पुन्हा खाली घातली.
तिच्या टोपलीत दोन किलोंचे देठ मोडायचे राहिले होते.

मी मागच्या सीटवर, मांडीवर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा.
नाव : रेमती विरसिंग वळवी.
गाव : धडगावच्याही वर, ती नुसता हात करून दाखवते.
वय?
आई म्हणाली, मोहाची फुलं पडत होती तेव्हाची.
"कोणत्या वर्षी?"
आई हसली. फुलं दर वर्षी पडतात.
मी लिहिलं : अंदाजे नऊ.
सरकारला अंदाज चालतो,
रिकामा रकाना चालत नाही.

जुन्या जकात नाक्याच्या खोलीत माझं केंद्र.
एक फळा, एक सतरंजी, खिचडीचं पातेलं.
पहिल्या दिवशी रेमतीनं डोळा चोळला
आणि ओरडत उठली,
मग शेजारची, मग सगळी रांग.
त्या दिवसापासून माझा पहिला धडा : हाताला खोबरेल.
दुसरा धडा अ.

खडू दिला तर आधी त्याचं टोक मोडलं तिनं.
पेन्सिलचं मोडलं. खिचडीतल्या
शेंगेचंही मोडलं, न बघता,
जसा आपण श्वास घेतो.

अहवालात मी लिहिलं, मुक्त बालके : एकतीस.
खाली सही केली, शिक्का मारला.
संध्याकाळी ती एकतीस मुलं
पथारीच्या कडेच्या त्याच पालांत परतत होती,
जिथं रात्री पोतं आत येई
आणि चिमणीच्या उजेडात, कधी उजेडाशिवायही,
बोटं चालत.
मला हे कुणी सांगितलं नाही.
सकाळी हजेरी घेताना मलाच शिंका येत.

विद्यावेतन महिना चारशे, थेट खात्यात.
बँकेतल्या पोऱ्यानं तिचा अंगठा काचेवर दाबला.
यंत्र म्हणालं : पुन्हा ठेवा.
दुसरं बोट. पुन्हा ठेवा.
दहाही झाली.
"ठसे झिजलेत, बाई," तो म्हणाला,
जणू चपला झिजल्यात.
माझ्या आईचे झिजले होते ते साठीनंतर,
भांडी घासून.

रेमतीची आई मला बाजारात गाठायची.
"बाई, तुमना चारशे कव्हय येतीन?"
मी म्हणायची, वर कळवलंय.
ती वर बघायची.
मीही.

पुढच्या मार्चमध्ये पत्र आलं :
प्रकल्प दुसऱ्या योजनेत विलीन, केंद्र बंद,
मुले वयानुरूप वर्गात दाखल करावीत.
माझ्या अंदाजावर तिला पाचवी मिळाली,
डोंगरातल्या आश्रमशाळेत.
एक पत्र्याची पेटी, दोन गणवेश.
मला, खडूंचा अर्धा डबा,
सगळे टोकं मोडलेले.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली.
उंच झालेली, तेल लावून वेणी घातलेली,
पेटीतून काढलेल्या फ्रॉकला घड्या.
मी तिला, तिच्या आईला बँकेत नेलं, थकीत रकमेसाठी.
आईनं अंगठा ठेवला. पुन्हा ठेवा.
रेमतीनं ठेवला.
हिरवा दिवा लागला.

कातडी पुन्हा येते, हे मला ठाऊक नव्हतं.
पोऱ्यानं नोटा मोजल्या, रेमतीनं परत मोजल्या,
मोठ्यानं, मराठीत, एकही न चुकता,
आणि आईच्या ओच्यात टाकल्या.

मग तिला काय वाटलं कोण जाणे.
तिनं धाकट्या दिवल्याला उचललं,
आईबरोबर सकाळीच पथारीवरून आलेला तो,
नाक वाहणारा, सहा वर्षांचा, अंदाजे,
आणि त्याचा अंगठा काचेवर नेऊन ठेवला.

यंत्र म्हणालं :
पुन्हा ठेवा.